दुसरी खोली नसलेल्या घरात

या वेळचं पत्र बीड जिल्ह्यातून आलं आहे. थोडं कापून देते.

"मी एका छोट्या संस्थेत प्रशिक्षक आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी आम्ही पालकत्वाचे वर्ग घेतो. त्यासाठी गावोगावच्या चौदा ताया तयार केल्या. इंग्रजीवरून मराठीत आणलेली पुस्तिका होती, पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्रं दिली. पहिल्या वर्गाला वीस-बावीस बाया आल्या, सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या वर्गाला चारच. त्यात एका ताईनं सांगितलं, लेकरू हट्टाला पेटलं तर मारू नका, पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत बसवा. एक आई म्हणाली, 'बाई, दुसरी खोली कुठनं आणू?' सगळ्या हसल्या आणि वर्ग तिथंच मोडला. ती ताई आता म्हणते, या लोकांना बदलायचंच नाही. दुसरीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, 'मॅडम, मी स्वतः पोराला मारते, मी कोणत्या तोंडानं सांगू?' आमच्या बऱ्याच ताया कोरडवाहू का होईना, शेती असलेल्या घरातल्या. वर्ग मात्र तांड्यावर आणि दलित वस्तीत. एका घरी पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरल्याचं ताईला कळलं, ती गप्प बसली. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. 'लोकांच्या संस्कृतीला धरून प्रशिक्षण द्या' असं वरून सांगतात. म्हणजे नेमकं काय करू?"

प्रिय ताई,

'दुसरी खोली कुठनं आणू' हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तुमच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणात कुणीच विचारला नाही तो प्रश्न त्या बाईनं विचारला. ज्याला बदलायचं नसतं तो मान डोलावतो आणि घरी जातो. या बाईनं सल्ला ऐकला, मनातल्या मनात आपल्या कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत, लावून पाहिला आणि तो बसत नाही हे तुम्हाला तोंडावर सांगितलं. तिला पुन्हा वर्गात आणा. जमलं तर तायांच्या पुढच्या प्रशिक्षणात मानधन देऊन बोलवा.

मी पहिल्यांदा साखर कारखान्याच्या तळावर मुक्काम केला तेव्हा माझ्याही पिशवीत अशीच एक पुस्तिका होती. पहाटे साडेतीन-चारच्या सुमाराला शेजारच्या कोपीत चूल पेटली. बाई भाकरी थापत होती. दिवसभराच्या भाकरी तेव्हाच व्हायच्या. नवरा कोयत्याला धार लावत होता. नऊ-दहा वर्षांची मुलगी झोपेतच उठली, धाकट्याला कमरेवर घेतलं आणि आई फडाकडे, उसाच्या शेताकडे, निघाली तशी मागं चालू लागली. फडाच्या कडेला दोन काठ्यांना लुगड्याची झोळी बांधली. आई मोळ्या बांधायची, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. दर खेपेला झोळीजवळून जाताना पायाच्या अंगठ्यानं एक झोका द्यायची आणि तोंडानं 'आले गं माझी माय, आले' म्हणायची. बाळ त्या आवाजाकडे मान वळवायचं. पुस्तिकेत 'बाळाच्या हाकेला प्रतिसाद द्या' असा चार पानांचा धडा होता. तो इथं पायाच्या अंगठ्यानं चालला होता. मी पुस्तिका पिशवीतच राहू दिली.

तुमच्या तायांना आधी हे बघायला शिकवा. प्रशिक्षणाचे पहिले दोन दिवस पुस्तिका उघडूच नका. प्रत्येक ताईनं एका कुटुंबासोबत एक अख्खा दिवस काढावा आणि परत येऊन एवढंच सांगावं: या घरात लेकरासाठी आधीपासून काय चांगलं चाललंय? सुरुवातीला त्या 'काहीच नाही' म्हणतील. मग हळूहळू निघायला लागेल. तेल चोळून आंघोळ, चिऊचा घास काऊचा घास, बोटं मोजत म्हणायची गाणी, धाकट्याला कडेवर घेऊन आजोबांचं पारावर जाणं. जिचं आधीचं कौतुक आपण पाहिलेलं असतं, तिला नवीन काही सांगायला जीभ अडखळत नाही.

आता 'संस्कृती' या शब्दाबद्दल. हा शब्द फार जपून वापरायला हवा, कारण त्याच्या आड आपण बरंच काही ढकलून देतो. ती नऊ-दहा वर्षांची मुलगी शाळा सोडून भावाला सांभाळते, तेव्हा आपण म्हणतो, यांच्यात असंच असतं. त्यांच्यात असं नसतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली. ती हंगामभरात टनावर फेडायची, आणि एका दिवसाचा खाडा पडला तरी पैसे कापले जातात. मग तापलेल्या लेकराजवळ आई कशी थांबणार? ही रीत नाही, हिशेब आहे. तुमच्या तायांना या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या पाहिजेत. दृष्ट काढणं, पाचवी पुजणं, तांड्यावरची गाणी ही संस्कृती. तिचा मान राखायचा, तिच्यातूनच आत शिरायचं. उचलीमुळे झालेली कुचंबणा ही संस्कृती म्हणून मानायची नाही आणि आईबापाचा दोष म्हणून त्यांच्या माथीही मारायची नाही.

दृष्टीचं उदाहरण मुद्दाम देते. प्रत्येक पुस्तिकेत असतं की मुलांचं तोंडभरून कौतुक करा. आपल्याकडच्या कितीतरी आया लेकराचं कौतुक मोठ्यानं करत नाहीत, नजर लागते म्हणून. ताईनं दहा वेळा 'शाब्बास म्हणा' सांगितलं तर आई वर्गात म्हणेल आणि घरी जाऊन मीठ-मोहरी ओवाळून टाकेल. एका ताईला मी असं विचारताना पाहिलं: 'पोरगं शहाण्यासारखं वागलं की तुम्ही काय करता?' बाईनं हसून दोन्ही हात पोराच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. ताई म्हणाली, 'मग दिवसातनं एकदा एवढंच करा. अन् कशाबद्दल केलं ते त्याला सांगा. बहिणीला पाणी दिलंस म्हणून.' पुढच्या वेळी त्याच आईनं दुसऱ्या बायांना ते करून दाखवलं.

म्हणजे काय बदलायचं आणि काय नाही, हे ठरवून घ्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं 2018 मध्ये संगोपनाचा जो आराखडा मांडला त्यात पाचच गोष्टी आहेत: आरोग्य, पुरेसं पोषण, प्रतिसाद देणारं संगोपन, सुरक्षितता आणि लहानपणापासून शिकायची संधी. हा गाभा कोपीतही तोच आणि पुण्यातल्या फ्लॅटमध्येही तोच. तो ताईनं आपल्या मनानं बदलायचा नाही. 'लेकराला शांत व्हायला वेळ आणि जागा द्या' हा गाभा. 'दुसरी खोली' ही नुसती साल, ती फेकून दिली तरी चालते.

त्यासाठी हॉलमध्ये खडूनं दहा बाय आठ फुटांचा चौकोन काढा. एका कोपऱ्यात चूल, बाजूला पाण्याचा हंडा, पीठ-मिठाची गाठोडी, एक झोपलेलं लेकरू, दाराशी शेळी. एक ताई आई, एक सासू, एक चार वर्षांचा पोरगा, आणि पोरगा ऊस हवा म्हणून अंग टाकून रडतोय. आता दाखवा, मारण्याऐवजी काय करता येतं. माझ्या समोर तायांनी शोधलेली उत्तरं सांगते. एकीनं पोराच्या उंचीला बसून त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला. दुसरीनं त्याच्या हातात तांब्या दिला, 'शेळीला पाणी दाखव बरं'. तिसरी म्हणाली, आईचा राग टोकाला गेला तर आईनंच चौकोनाबाहेर पडावं आणि शेजारणीला हाक मारावी. शेजारीण ही कोपीतली दुसरी खोली. हे उत्तर कोणत्याही पुस्तिकेत मिळालं नसतं.

तुम्ही काही नवीन करताय असं मुळीच समजू नका, तुमच्यामागं मोठी परंपरा आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली तर वस्तीतली मुलं येईनात. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली, आणि अंगणवाडी हा शब्द जन्माला आला. माँटेसरीचं महागडं साहित्य बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या घेतल्या. पुढे जवळच्या कोसबाडला, गुरं राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नाही म्हणून शाळाच कुरणावर गेली. शास्त्र परदेशातून आलेलं होतं आणि त्या बायकांनी त्याचा गाभा जराही सैल केला नाही. तुमच्या तायांना ही गोष्ट जरूर सांगा. आपण कुणाच्या वाटेनं चाललोय हे कळलं की माणूस ताठ बसतो.

आता एका गोष्टीकडे तुमच्या पत्रात लक्षच गेलेलं नाही. दिवाळीनंतर काही लेकरं कोपीवर जातात आणि काही गावात राहतात. गावातल्यांचे पालक कोण? आजी-आजोबा. तुमचे वर्ग आयांसाठी आणि आया तर फडात. हंगामातले चार-पाच महिने गावातला वर्ग आज्यांचाच असला पाहिजे आणि त्यांचे प्रश्न निराळे असतात: गुडघे दुखतात, पोरगं मागं पळवतं, अभ्यास कळत नाही, वयात आलेल्या नातीची रात्रभर धास्ती वाटते.

त्याआधी, टोळ्या निघायच्या पंधरा दिवस अगोदर, एक वर्ग फक्त निरोपाचा घ्या. बऱ्याच घरांत लेकरू झोपेत असताना ट्रक निघतो. रडेल म्हणून सांगतच नाहीत. सकाळी उठून ते घरभर आईला हुडकतं, आणि मग कित्येक दिवस झोपायलाच घाबरतं. एका आजीनं मला सांगितलं होतं, नातू रात्री तिच्या पदराची गाठ आपल्या मनगटाला बांधून झोपायचा. आयांना याचा दोष द्यायचा नाही. त्याही त्या ट्रकमध्ये रडतच चढलेल्या असतात. नुसतं विचारायचं: सांगून गेलं तर काय होईल? रडेल. आणि न सांगता गेलं तर? मग त्या आपसांतच बोलायला लागतात. आईचं एक जुनं लुगडं पांघरायला ठेवायचं. 'होळी झाली की माघारी येईन' असा लेकराला कळेल असा सण सांगायचा, पण पट्टा कधी पडेल, म्हणजे हंगाम कधी संपेल, याची खात्री नसेल तर तारीख द्यायची नाही. रात्रीच्या फोनवर 'त्रास देऊ नको' एवढंच न म्हणता 'आज काय खाल्लंस, कोणाशी खेळलास' हे विचारायचं. आणि आजीनं 'आईचं नाव काढू नको' म्हणायचं सोडायचं. एवढं झालं तरी त्या वर्षीचं तुमचं निम्मं काम झालं असं मी मानीन.

तायांच्या जातीचा प्रश्न तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत उरकलात, तो मोठा आहे. 'चहा नको ताई, आत्ताच घेऊन आले.' हे वाक्य आपल्याकडे प्रत्येकाला कळतं, म्हणणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही. ज्या घरचं पाणी ताई पीत नाही त्या घरातली बाई तिच्याजवळ लेकराचं काहीही बोलणार नाही. प्रशिक्षणात यावर आडपडदा न ठेवता बोला. कोण कुणाकडे जेवतं, कोण नाही, घरच्यांचं काय म्हणणं. अवघड जाईल, रडारड होईल, एखादी ताई काम सोडूनही जाईल. तरी बोला. जिला ते मान्यच नाही तिला त्या वस्तीत पाठवू नका. तांड्यावर गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची भाषा, बोलणारी बाई सोबत हवी, आणि ती दुभाषी म्हणून मागं उभी राहता कामा नये. मानधन तेवढंच, खुर्ची असेल तर तेवढीच. अंगाई, राग, लाड या गोष्टी ज्या भाषेत होतात त्याच भाषेत त्यांच्याबद्दल बोलता येतं.

आणखी एक बारीक गोष्ट. तळावर जाल तेव्हा मुकादमाच्या गाडीतून उतरू नका, त्याच्या बाजेवर बसू नका. त्याला कल्पना द्या, नमस्कार करा आणि चालत कोप्यांकडे जा. ताई मुकादमाची माणूस आहे असं एकदा वाटलं की सगळं संपतं. वर्गाची वेळही त्यांच्या दिवसावरून ठरवा. ऊस भरायला गाडी कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून दोन तासांचा वर्ग विसरा. चुलीपुढं, पाण्याच्या रांगेत, वाढे (उसाचे शेंडे) बांधताना, वीस-पंचवीस मिनिटं. ताईच्या जोडीला दुसरी एक हवी, लेकरांना खेळवायला. बाप्यांसाठी शक्यतो त्यांच्यातलाच एखादा गडी तयार करा. कोयता जोडीचा असतो, मग लेकरू एकटीचं कसं?

आता त्या ताईकडे येते, जी स्वतः मुलाला मारते. तिचा हात घट्ट धरा. चौदा जणींत तिनं एकटीनं खरं बोलायचं धाडस केलं, बाकीच्या घरी काय करतात ते तुम्हाला माहीत नाही. तिनं आदर्श आई असल्याचं सोंग आणायची गरज नाही. तिनं पुढच्या महिनाभर एवढंच बघावं: हात कधी उठतो? बहुधा ठरलेल्या वेळी उठतो. दिवेलागणीला, अंग मोडून आलेलं असताना, सासूशी किंवा नवऱ्याशी वाजलं की. ती वेळ सापडली की काय करायचं तेही सापडायला लागतं, आणि मग वस्तीतल्या बाईशी ती जे बोलेल ते ऐकलं जाईल. 'मी पण मारायची, परवा मात्र हात अर्ध्यावर थांबला' या वाक्यात जे बळ आहे ते माझ्यातुमच्या भाषणात नाही.

यासाठी तुम्हाला तुमची प्रशिक्षणाची रीत बदलावी लागेल. तुम्ही समोर फळ्याशी उभ्या आणि ताया खाली वही घेऊन बसल्या, तर वस्तीत जाऊन त्याही तेच करणार. तुम्ही त्यांची चूक चारचौघांत काढलीत, तर त्या आयांची काढणार. पाच दिवस सलग घेण्यापेक्षा दोन-दोन दिवसांचे तुकडे करा आणि मधे काम करू द्या. दर पंधरा दिवसांनी बसा, पण रजिस्टर तपासायला नको. एकीनं एका घराची गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आधी तिनं काय बरं केलं ते सांगायचं, मग एकच प्रश्न विचारायचा. महिन्यातून एकदा प्रत्येकीसोबत वर्गाला जा आणि मागं बसा, बोलू नका. आणि मानधन-प्रवासखर्च वेळेवर द्या. मी एका ठिकाणी काम केलं तिथं तायांचे पैसे पाच-पाच महिने अडकायचे आणि वर 'ही सेवा आहे' असं ऐकवलं जायचं. त्यातल्या दोघी उचल घेऊन स्वतःच ऊसतोडीला गेल्या. ते मला आजही सलतं.

राहिली ती पंधरा वर्षांची मुलगी. इथं मात्र कुठलीही माघार नको. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं लग्नासाठी मुलीला 18 आणि मुलाला 21 वर्षं पूर्ण असावी लागतात. लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावपातळीवर ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, आणि मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा नंबर रात्रंदिवस चालतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात 21.9 टक्के होतं, बीडमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. ताई गप्प बसली कारण ती एकटी होती. तिला त्याच गावात राहायचंय, त्याच आडावर पाणी भरायचंय. म्हणून नियम असा करा: ताईनं कळलेली गोष्ट त्याच दिवशी तुम्हाला सांगायची, आणि पुढं जे करायचं ते संस्थेच्या नावानं तुम्ही करायचं. शिवाय पहिल्याच वर्गात बायांना साध्या शब्दांत सांगून टाकायचं, 'तुमचं घरातलं बोलणं माझ्यापाशी राहील, पण लेकराच्या जिवाला धोका असेल किंवा लहान पोरीचं लग्न असेल तर ते माझ्या पोटात राहणार नाही.' अत्याचाराचंही तसंच, पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, ते कळवणं आपल्यावर बंधनकारकच आहे. आधी सांगितलेलं असलं की नंतर विश्वासघात होत नाही.

आणि तरीही त्या आईबापाशी बोलायला जा, कारण ते मुलीचे वैरी नाहीत. त्यांना विचारलंत तर बहुतेक हेच ऐकायला मिळेल: गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवू, कोपीवर नेलं तर तिथं दाराला कडी नाही, आणि लग्न केलं तर जोडीचा कोयता होतो, उचल मिळते. त्यातल्या पहिल्या दोन भीतींना उत्तर आहे. जिल्हा परिषदेची हंगामी वसतिगृहं आहेत, समाजकल्याणची ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. प्रत्येक ताईच्या वहीत जवळच्या वसतिगृहाचं नाव, जागा किती, कुणाला भेटायचं, कागद कोणते, हे लिहिलेलं हवं. ते काम लागेल तेवढा वेळ काढून या महिन्यातच करा. त्या वस्तीत अशी एखादी बाईही असेलच जिनं सगळ्यांच्या विरोधात मुलीला बारावीपर्यंत थांबवलं. तिलाही वर्गात बोलवा, तीही त्याच संस्कृतीतली आहे.

या मुलीसाठी मात्र वर्गाची वाट बघू नका. हे वाचून झालं की आधी ग्रामसेवकांना गाठा, ते भेटले नाहीत तर 1098 लावा. मग संध्याकाळी ताईला सोबत घेऊन तिच्या घरी जा. चहा दिला तर घ्या.